डेटा सेंटर जितकं गार तितकं चांगलं? नाही, असं नसतं

सर्व्हर रूम म्हणजे स्वेटर घालूनच आत जायचं, एसी १६-१८ वर, नाहीतर मशीन जळणार, हे आपल्याकडे अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं आणि त्यापायी वीजबिल फुगत जातं. खरं म्हणजे अॅशरे ही संस्था कूलिंगचे निकष ठरवते आणि तिने २००८ मध्येच सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असली तरी चालेल असं सांगितलंय. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास छापला, त्यात तर गार डिस्क कमी बिघडतात असं काही दिसलंच नाही, उलट फार गार असलेल्याच जास्त बिघडलेल्या.

मग खरी गडबड कुठे होते? हवा मिसळण्यात! रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर ठेवतात त्या कपाटात, रिकामी जागा उघडी राहिली की मागची तापलेली हवा तिथून पुढे येते, समोरचा सर्व्हर तीच ओढतो, तो तापतो, आणि मग कोणीतरी अख्ख्या खोलीचा एसी अजून खाली करतो. त्या जागेवर साधी प्लास्टिकची ब्लँकिंग प्लेट लावा, रॅक समोरासमोर तोंड करून ठेवा म्हणजे गार गल्ली वेगळी आणि गरम गल्ली वेगळी, शक्य असेल तर गल्ली बंदिस्तच करा, मग हळूहळू एकेक अंश वाढवत न्या.

फक्त २७ च्या पुढे रेटू नका, सर्व्हरचे पंखे जोरात फिरायला लागतात आणि एसीत वाचलेली वीज तेच खातात. आणि ऐरोली-महापेसारख्या दमट भागात बाहेरची हवा सरळ आत घेताना दवबिंदूवर, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्यावर, नजर ठेवाच.