रायफल-दुर्बिणीची विश्वासार्हता (हरणांच्या शिकारीतील)

हरणाच्या शिकारीसाठी रायफलीवर बसवलेली दुर्बीण (स्कोप) एकदा झीरो केल्यावर (म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी नेमाच्याच जागी लागेल अशी जुळवल्यावर) प्रवास, पाऊस, थंडी आणि गोळीबाराचा धक्का सोसूनही नेम त्याच जागी धरून ठेवते का, आणि कमी उजेडात नेम धरण्याइतपत स्पष्ट दाखवते का, हा या नोंदीचा विषय आहे. भिंगांचा दर्जा आणि विश्वासार्हता यांची सर्रास गल्लत होते. लख्ख चित्र दाखवणारी दुर्बीण झीरो सोडून बसू शकते, तर साधारण काचेची, एकाच पटीची (चित्र मोठे दाखवण्याचे प्रमाण न बदलणारी) जुनी दुर्बीण वर्षानुवर्षे जागची हलत नाही.

अमेरिकेतील व्हाइटटेल हरणाचे हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र बाजूने पाहता सुमारे २० सेंमी. व्यासाचे धरतात. यूरोपातील रो हरणाचे ते बरेच लहान, तर तांबड्या हरणाचे मोठे असते. म्हणजे व्हाइटटेलच्या बाबतीत गोळी मध्यापासून १० सेंमी.हून अधिक सरकली की जनावर लवकर मरण्याऐवजी जखमी होऊन झाडीत निसटण्याची भीती असते. कागदी लक्ष्यावर एवढ्या चुकीने चार गुण जातात. इथे एक जीव तडफडतो. विश्वासार्हतेचा विचार म्हणूनच या १० सेंमी.पासून सुरू करावा लागतो.

पूर्वेतिहास : रायफलीवर पहिली दुर्बीण कोणी बसवली याबद्दल एकमत नाही. अमेरिकेत १७७६ मध्ये चित्रकार चार्ल्स विल्सन पील आणि यंत्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांनी असा प्रयत्न केल्याचा उल्लेख सापडतो. नेत्रभिंग (डोळ्याजवळचे भिंग) पुरेसे पुढे बसवता न आल्याने बाराच्या धक्क्यासरशी ते डोळ्यावर आदळे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात जॉन चॅपमन आणि न्यूयॉर्क राज्यातील यूटिका येथील मॉर्गन जेम्स यांनी लांब नळीची दुर्बीण तयार केली. १८५५ च्या सुमारास सिराक्यूसच्या विल्यम माल्कम याने वर्णदोष कमी करणारी भिंगे वापरून ती सुधारली. ऑस्ट्रियन परंपरा पहिल्या दुर्बिणीचा मान ऑगस्ट फीडलर या वनाधिकाऱ्याला देते. त्याची दुर्बीण साधारण १८८० ची मानली जाते. व्हिएन्नाच्या काल्स कंपनीने फीडलरच्या कल्पनेवर आधारलेली ‘टेलोरार’ ही दुर्बीण १९०० च्या सुमारास बाजारात आणली. निव्वळ प्राधान्याच्या दृष्टीने अमेरिकन दावा जुना आहे, यात शंका नाही. मात्र चॅपमन-जेम्स आणि माल्कम यांच्या दुर्बिणी जवळजवळ रायफलीच्या नळीइतक्या लांब, नाजूक आणि मुख्यतः नेमबाजीच्या सामन्यांसाठी होत्या. रानात खांद्यावर वागवण्याजोग्या दुर्बिणीचा विचार करायचा तर मध्य यूरोपातील वनाधिकाऱ्यांची परंपरा अधिक महत्त्वाची ठरते.

जुन्या दुर्बिणींत नेम जुळवण्याचे स्क्रू माउंटमध्ये (दुर्बीण रायफलीला जोडणाऱ्या भागात) असत आणि दुर्बिणीच्या नळीच्या आत हलणारे काही नसे. पुढे ही जुळवणी नळीच्या आत गेली. अमेरिकेत सामान्य शिकाऱ्यापर्यंत स्वस्त दुर्बीण पोहोचवण्याचे श्रेय १९३० च्या दशकात विल्यम वीव्हर याच्या ‘३३०’ या नमुन्याला दिले जाते. पुढे दुसऱ्या महायुद्धात तीच दुर्बीण थोड्या बदलाने अमेरिकन सैन्याच्या स्प्रिंगफील्ड स्नायपर रायफलींवर बसली. आतील जुळवणीच्या सुरुवातीच्या दुर्बिणींत रेटिकलच (नेम धरण्याची आतली खूण) सरकत असे, त्यामुळे झीरो केल्यावर क्रॉसवायर चित्राच्या एका कोपऱ्यात गेलेली दिसे. डोळ्यांना हे खटके, पण यंत्रणा साधी होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रेटिकल कायम मध्यभागी दिसेल अशी रचना रुळली आणि तिच्याबरोबर आजच्या बहुतेक बिघाडांचे मूळही आले.

झीरो का सरकतो : वस्तुभिंग (समोरचे भिंग) चित्र उलटे पाडते, ते सुलटे करणारी भिंगे मुख्य नळीच्या आत दुसऱ्या बारीक नळीत बसवलेली असतात. ही आतली नळी (एरेक्टर) मागच्या टोकाला खिळलेली आणि पुढच्या टोकाला मोकळी असते. वरून आणि बाजूने टरेटचे (नेम जुळवण्याच्या बाहेरच्या बटणांचे) स्क्रू तिला दाबतात, समोरच्या अंगाने एक-दोन स्प्रिंगा तिला स्क्रूंवर रेटून धरतात. शिकाऱ्याचा सगळा भरवसा या स्प्रिंगांवर असतो.

आकडे पाहिले की हे प्रकरण किती बारीक आहे ते कळते. कोनाच्या एका मिनिटाने (अंशाच्या साठाव्या भागाने) १०० मी.वर सुमारे २·९ सेंमी. फरक पडतो आणि प्रचलित टरेटचा एक क्लिक (फिरवण्याचा एक टप्पा) पाव मिनिटाचा असतो. वस्तुभिंगाचे केंद्रांतर (फोकल लेंथ) १०० मिमी. धरले तर एका क्लिकसाठी आतल्या नळीचे टोक सुमारे ०·००७ मिमी. सरकते. माणसाचा केस साधारण याच्या दहापट जाड असतो. बाराच्या धक्क्यात नळीचे टोक स्क्रूवरून उचलले जाऊन परत टेकताना एवढा जरी फरक पडला तरी एक क्लिक गेला. तीन-चार शतांश मिलिमीटर फरक पडला तर २०० मी.वर गोळी सहा ते आठ सेंमी. भलतीकडे.

स्प्रिंग सैल पडल्याची एक ठळक खूण आहे. टरेट चार क्लिक फिरवले, पण पुढची गोळी जुन्याच भोकाशेजारी लागली. त्यानंतरच्या गोळीने मात्र एकदम उडी घेतली. नळी स्क्रूमागोमाग न जाता अडकून राहिली आणि धक्क्याने मागाहून सरकली, असा त्याचा अर्थ. जुने शिकारी क्लिक फिरवल्यावर टरेटच्या टोपीवर काडतुसाने टकटक करत, ते याच कारणासाठी. स्क्रू त्याच्या मर्यादेच्या अगदी टोकाला गेलेला असला तर काही रचनांत स्प्रिंगेचा दाब कमी पडतो आणि हा दोष बळावतो. माउंट वाकडे असेल आणि ती कसर टरेटने भरून काढली असेल, तर चांगली दुर्बीणही त्यामुळे बेभरवशाची होते.

पट बदलणाऱ्या दुर्बिणींत याच नळीत भिंगे पुढेमागे सरकवणारी खाचेची बाही असते. रेटिकल या भिंगांच्या पुढे, म्हणजे पहिल्या प्रतिमातलावर (वस्तुभिंगाचे चित्र पडते त्या जागी) असेल, तर पट बदलल्याने झीरो बदलत नाही, कारण चित्र आणि रेटिकल बरोबरच हलतात. ते मागे, दुसऱ्या तलावर असेल, तर बाहीतील ढिलाई थेट नेमात उतरते. यूरोपीय कारखान्यांनी दीर्घकाळ पहिला तल पसंत केला, अमेरिकनांनी दुसरा. पहिल्या तलावरचे रेटिकल कमी पटीवर बारीक होते आणि दाट झाडीत दिसेनासे होते, हा अमेरिकन आक्षेप रास्त आहे. आधुनिक कारागिरीत दुसऱ्या तलावरचे सरकणे इतके कमी झाले आहे की हरणाच्या शिकारीपुरता हा वाद बराचसा निकाली निघाल्यासारखा वाटतो. काही जाणकार तरीही एकाच पटीच्या, चार किंवा सहा पटींच्या दुर्बिणीला चिकटून आहेत. हलणारे भाग कमी, हे त्यांचे कारण आजही खोडून काढता आलेले नाही.

माउंट : दुर्बिणीच्या माथी मारल्या जाणाऱ्या तक्रारींत माउंटचा वाटा फार मोठा असतो. दुर्बीण धरणाऱ्या दोन रिंगांमध्ये १०० मिमी. अंतर असेल आणि त्यांतील एक रिंग ०·१ मिमी.ने सरकली, तर १०० मी.वर गोळी १० सेंमी. हटते, म्हणजे वर सांगितलेली सगळी मुभा तिथेच संपते. बेसच्या (रायफलीवर बसवलेल्या, रिंगांखालच्या पट्टीच्या) स्क्रूखाली राहिलेले तेल, कमी-जास्त आवळलेल्या रिंगा, बेस आणि रायफलीचे अंग यांत राहिलेली फट ही नेहमीची कारणे. रिंगांचे स्क्रू साधारण १५ ते २० इंच-पौंड एवढेच आवळावेत असे बहुतेक निर्माते सुचवतात, आणि ते टॉर्क पान्यानेच करणे इष्ट. त्याहून जास्त आवळल्यास नळी दबते, आतली बाही जड चालते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रिंग निसटते आहे का हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे रिंगेच्या कडेला नळीवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवणे. काही बारांनंतर रेघ आणि रिंग यांत फट दिसली की दोष कुठे आहे ते कळते. लाकडी दस्ता ओलीने फुगून रायफलीच्या नळीला टेकला तरी झीरो हटतो. हा दोष दुर्बिणीचा नाही, पण तिच्याच खात्यावर टाकला जातो.

ओल आणि धुके : दुर्बिणीत आतून वाफ धरणे हा एके काळी सर्वांत मोठा दोष होता. दुसऱ्या महायुद्धानंतर नळीतील हवा काढून तीत कोरडा नायट्रोजन भरण्याची आणि सांधे रबरी कड्यांनी बंद करण्याची पद्धत रूढ झाली. तिचे श्रेय बहुधा ओरेगनच्या लिओपोल्ड कंपनीला दिले जाते. मार्कस लिओपोल्ड यांचा हरणावरचा नेम धुकटलेल्या दुर्बिणीमुळे चुकला आणि त्यातून १९४७ ची ‘प्लेन्समन’ दुर्बीण जन्मली, असे कंपनीचा इतिहास सांगतो. शिकारी दुर्बिणीपुरते हे मान्य करता येईल. मात्र पाणबुडीच्या पेरिस्कोपसारख्या नौदलाच्या उपकरणांत कोरडा वायू भरण्याची कल्पना आधीच वापरात होती. लिओपोल्ड-स्टीव्हन्स ही मुळात मोजणीची उपकरणे बनवणारी कंपनी असल्याने, ही कल्पना अशा उपकरणांतूनच आली असावी हे मत अधिक पटण्याजोगे आहे. हल्ली काही निर्माते अरगॉन वापरतात. शिकाऱ्याला त्याने व्यवहारात फरक पडतो असे दिसत नाही. खरे काम कड्यांचे असते.

बाहेरच्या काचेवर श्वासाने किंवा थंड दुर्बीण उबदार खोलीत आणल्याने जमणारी वाफ वेगळी. फडक्याने पुसली की जाते ती बाहेरची. पुसूनही राहते ती आतली, आणि अशी दुर्बीण दुरुस्तीला धाडण्यावाचून गत्यंतर नाही.

उजेड : हरणे पहाटे आणि तिन्हीसांजेला चरायला निघतात आणि शिकारीची वेळही तीच असते. अमेरिकेतील अनेक राज्यांत सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला मुभा आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग असले तर डोळ्यापर्यंत दोन-तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधलेल्या परावर्तनरोधक लेपाने ही गळती बरीच कमी केली. वस्तुभिंगाचा व्यास भागिले पट म्हणजे बाहेर पडणाऱ्या झोताची रुंदी. ८ × ५६ (८ पट, ५६ मिमी. वस्तुभिंग) दुर्बिणीत ती ७ मिमी. येते, जेवढी तरुण डोळ्याची बाहुली अंधारात उघडते. मध्य यूरोपात मचाणावरून होणाऱ्या शिकारीत ही दुर्बीण लोकप्रिय झाली ती त्यामुळेच. वजन मात्र वाढते, आणि जड दुर्बीण धक्क्याच्या वेळी रिंगांवर जास्त ताण टाकते.

चाचण्या : सर्वांत प्रसिद्ध चौकट-चाचणीत वर, उजवीकडे, खाली, डावीकडे सारखेच क्लिक फिरवत गोळ्या झाडतात, शेवटची गोळी पहिल्या भोकाशी आली पाहिजे. लांब पल्ल्याच्या नेमबाजाला ही चाचणी हवीच. हरणाचा शिकारी एकदा झीरो करून टरेटची टोपी घट्ट लावतो आणि हंगामभर तिला हात लावत नाही. त्याच्यासाठी क्लिकच्या अचूकतेपेक्षा झीरो जागच्या जागी राहणे कितीतरी महत्त्वाचे.

ते कसे तपासावे यावर मतभेद आहेत. निर्माते यंत्रावर हजारो आघात देऊन दुर्बीण तपासतात, पण हे आघात मुख्यतः नळीच्या अक्षाच्या दिशेने, धक्क्यासारखे असतात. रानात रायफल घसरून दगडावर पडते ती कुशीवर. अशा वेळी आतल्या नळीला बसणारा हिसका आडवा असतो आणि स्प्रिंगेची खरी परीक्षा तिथे होते. काही शिकारी म्हणून रायफल ठरावीक उंचीवरून मऊ गादीवर पाडून झीरो पुन्हा तपासतात. माउंट आणि दस्ता यांचा परिणाम त्यात मिसळतो हा आक्षेप खरा आहे. तरीही शिकारीला निघते ती सगळी जुळणी, सुटी दुर्बीण नव्हे, हे लक्षात घेता ही चाचणी वापराला जास्त जवळची वाटते. आजीवन हमीला मात्र विश्वासार्हतेचा पुरावा मानू नये. नंतर दुर्बीण बदलून मिळते, जखमी होऊन निसटलेले हरीण परत मिळत नाही. म्हणून प्रवासानंतर, आणि रायफल एकदा जरी पडली असली तरी, रानात शिरण्यापूर्वी कागदावर दोन-तीन गोळ्या झाडून पाहणे प्रत्येक शिकाऱ्याचे त्या जनावराप्रती कर्तव्य ठरते.

प्रकाशित रेटिकल असलेल्या दुर्बिणींत बॅटरी संपली तरी काळे रेटिकल दिसत राहते, त्यामुळे नेम अडत नाही. कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर मंदावते. पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पडद्यावर चालणाऱ्या दुर्बिणींना ही सोय नाही.