व्यावसायिक समाजमाध्यमांवरील ग्राहकशोध (भरती सल्लागारांचा)

लिंक्डइनसारख्या व्यावसायिक समाजमाध्यमावरील ओळखींमधून भरती सल्लागार नवे धंदेवाईक ग्राहक मिळवतात, त्या पद्धतीसाठी ही संज्ञा येथे योजली आहे. या व्यवसायात ‘क्लायंट’ म्हणजे जागा भरून घेणारी कंपनी आणि ‘कँडिडेट’ म्हणजे उमेदवार. फी देतो तो क्लायंट. म्हणून ‘नवा धंदा’ म्हणजे नवा क्लायंट किंवा जुन्या क्लायंटच्या नव्या विभागाचे काम. उमेदवार शोधण्यासाठी या माध्यमांचा होणारा वापर सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे केलेला नाही.

भारतात उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, ही फी रूढ मानली जाते. घासाघीस होऊन ती खाली येते, दुर्मीळ कौशल्यासाठी वर जाते. वरिष्ठ पदांचे शोधकाम वगळता फी मिळते ती उमेदवार रुजू झाल्यावरच, आणि तो लवकर सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो. एकच जागा तीन-चार सल्लागारांकडे दिलेली असते. अशा व्यवहारात, जागा रिकामी झाल्याची वार्ता कोणाला आधी कळते यावर बरेच काही ठरते. समाजमाध्यमांचे महत्त्व या एका कारणाने आहे.

पूर्वपीठिका : या प्रथेचे मूळ कोठे शोधायचे याविषयी एकमत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतील जॉबर हा आजच्या भरती सल्लागाराचा पूर्वज, असे कधीकधी सुचवले जाते. जॉबर कोकणातून व घाटावरून आपल्या गावची, नात्यागोत्याची माणसे गिरणीत लावून देई आणि त्यांच्याकडून दस्तुरी (दलाली) घेई. त्याचा प्रभाव नेमका किती होता याबद्दल मॉरिस डी. मॉरिस आणि राजनारायण चंदावरकर या अभ्यासकांची मांडणी वेगवेगळी आहे. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी (गैरहजर कामगाराच्या जागी घेतल्या जाणाऱ्यांसाठी) नियंत्रण योजना आणली, ती जॉबरचा हात आखडण्याच्या हेतूने. तथापि जॉबर गिरणीच्या पटावरचाच माणूस होता. नवी गिरणी ‘मिळवणे’ हा त्याच्या कामाचा भाग नव्हता. ग्राहकशोधाच्या दृष्टीने ही वंशावळ ताणलेली वाटते.

अधिक जवळचा धागा अमेरिकेतील वरिष्ठ-अधिकारी शोधसंस्थांचा आहे. त्यांतही आरंभवर्ष वादाचे आहे. थॉर्नडाइक डीलँड यांनी १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढलेली संस्था पहिली, असे काही मानतात. काहींच्या मते आजच्या अर्थाने हा व्यवसाय दुसऱ्या महायुद्धानंतर, सिडनी बॉयडन यांच्या १९४६ मधील संस्थेपासून धरावा. शिकागोतील हेड्रिक अँड स्ट्रगल्स (१९५३) व स्पेन्सर स्टुअर्ट (१९५६) या त्यानंतरच्या. भारतात एबीसी कन्सल्टंट्स (१९६९) ही आरंभीच्या संस्थांपैकी, तर चेन्नईची मा फॉय (१९९२) उदारीकरणानंतरच्या पिढीतील. या सर्वांचे भांडवल एकच होते : ओळखींची कार्डे. व्हिजिटिंग कार्डांचा डबा ज्याच्या खणात, त्याच्याकडे धंदा. तो डबा सल्लागाराचा की संस्थेचा, हा प्रश्न तेव्हाही होता. पुढे तो कोर्टात गेला.

माध्यमांचा उदय : कोणतीही दोन माणसे ओळखीच्या थोड्याच दुव्यांनी जोडलेली असतात, ही कल्पना हंगेरियन लेखक फ्रिग्येश कॅरिन्थी यांच्या १९२९ मधील कथेत आढळते, स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६७ मध्ये तिच्यावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तिच्यावरून नाव घेतलेले सिक्सडिग्रीज हे संकेतस्थळ १९९७ चे. ते फार टिकले नाही, पण त्याचे पेटंट २००३ मध्ये रीड हॉफमन व मार्क पिंकस यांनी सुमारे ७ लाख डॉलरना घेतले. व्यवसायापुरते समाजमाध्यम म्हणून राइझ (२००१) हे आधीचे. हॉफमन व सहकाऱ्यांनी २००२ च्या अखेरीस स्थापलेले लिंक्डइन ५ मे २००३ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी हॅम्बुर्ग येथे निघालेल्या ओपनबीसीचे २००६ मध्ये झिंग असे नामांतर झाले. फ्रान्समध्ये व्हिआडेओ होते आणि त्याने २००९ मध्ये भारतातील अपनासर्कल विकत घेतले. आज भारतात ‘व्यावसायिक समाजमाध्यम’ म्हणजे व्यवहारतः लिंक्डइनच. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये ते २६.२ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला. सदस्यसंख्येत अमेरिकेखालोखाल भारताचा क्रमांक लागतो; २०२३ मध्ये भारतीय सदस्य १० कोटींवर गेले. १९९७ पासून चालू असलेल्या नोकरी डॉट कॉमशी त्याची तुलना केली जाते, पण प्रकृती भिन्न आहे. नोकरी डॉट कॉमवर उमेदवाराचा सीव्ही सापडतो. त्याचा साहेब कोण आणि त्या साहेबाला ओळखणारे कोण, हे लिंक्डइनवर दिसते.

क्षीण संबंधांचा सिद्धांत : या पद्धतीच्या समर्थनार्थ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ मधील निबंधाचा आधार घेतला जातो. जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसाकडून नवी माहिती मिळण्याची शक्यता अधिक, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही असते, असे त्यांचे प्रतिपादन. बोस्टनजवळच्या न्यूटन गावातील, ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांच्या नमुन्यात १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या व्यक्तीशी वरचेवर गाठ पडत होती, ५५.६ टक्क्यांची अधूनमधून आणि २७.८ टक्क्यांची क्वचित. ‘मित्राने सांगितले का?’ या प्रश्नावर ‘मित्र नव्हे, ओळखीचा’ अशी दुरुस्ती मुलाखतीत वारंवार होई. नमुना लहान होता हे मात्र अनेकदा विसरले जाते : हे टक्के अवघ्या ५४ जणांचे आहेत.

उलट बाजूने, यानजिए बिआन यांनी १९९७ मध्ये चीनमधील त्येनचिन शहराच्या पाहणीवरून दाखवले की जेथे नोकरी वशिल्याने मिळते तेथे घट्ट संबंधच कामी येतात. जुजबी ओळखीसाठी कोणी आपला शब्द खर्च करत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवर पाच वर्षे केलेल्या प्रयोगांचे विश्लेषण आहे. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ या शिफारशींत फेरफार करून कोणाला कशा ओळखी मिळतात ते बदलले गेले. सदस्यांना याची कल्पना नव्हती, यावर टीका झाली. निष्कर्ष असा की नोकरीबदलास सर्वाधिक उपयोगी पडतात त्या मध्यम क्षीण ओळखी, साधारण दहाएक सामायिक परिचित असलेल्या. संगणकीकरण अधिक झालेल्या उद्योगांत क्षीण ओळखी सरस, कमी झालेल्या उद्योगांत घट्ट.

हे सर्व संशोधन नोकरी शोधणाऱ्यांविषयी आहे. सल्लागाराच्या ग्राहकशोधाला ते जसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल. तरीही व्यवसायातील अनुभवाशी पुढील मांडणी अधिक जुळते : रिकाम्या जागेची वार्ता क्षीण ओळखीतून येते, पण एम्पॅनेलमेंट, म्हणजे कंपनीच्या मान्य सल्लागारांच्या यादीत नाव लागणे, हे कोणीतरी आतून शब्द टाकल्यावर होते. बिआन व ग्रॅनोव्हेटर एकाच व्यवहाराच्या दोन टप्प्यांविषयी बोलत आहेत असे म्हणता येईल.

कार्यपद्धती : पहिली पायरी खुणा वाचण्याची. चाकणमधल्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्याने क्वालिटी मॅनेजरची जाहिरात टाकली, दीड महिन्यात तीच तिसऱ्यांदा टाकली, आणि दरम्यान पगाराचा उल्लेख गळून ‘अनुभवानुसार’ असे आले, तर जाणता सल्लागार ओळखतो की एचआरकडे सीव्ही येत आहेत पण प्लँट हेड नापसंत करतो आहे. अशा वेळी एचआरला ‘आम्ही सर्व प्रकारची भरती करतो’ असा संदेश पाठवणे व्यर्थ. तसे संदेश त्यांना रोज येतात. सल्लागार प्लँट हेडचे पान उघडतो, सामायिक ओळख पाहतो. त्याने पूर्वी तळेगावला रुजू करून दिलेला एक उत्पादन अभियंता या प्लँट हेडच्या हाताखाली होता, असे निघते. आधी फोन त्या अभियंत्याला. मग प्लँट हेडला चार ओळी : अभियंत्याचे नाव, रांजणगावच्या एका माणसाचा नावगाव वगळून दिलेला तपशील, त्याचा नोटीस पिरियड, आणि दहा मिनिटांची मागणी. फीचा उल्लेख नाही.

यातील अभियंता महत्त्वाचा. रुजू केलेला उमेदवार पाचसहा वर्षांत स्वतः माणसे घेणारा होतो, त्यामुळे जुन्या सल्लागारांच्या दृष्टीने उमेदवार हाच उद्याचा क्लायंट. नाकारल्या गेलेल्या उमेदवाराला निकाल न कळवणे हा या धंद्यातील सार्वत्रिक दोष आहे, आणि त्याची किंमत याच ठिकाणी चुकवावी लागते. उमेदवाराने नोकरी बदलली की दोन वार्ता एकदम मिळतात : जुन्या कंपनीत जागा झाली, नव्या कंपनीत ओळख झाली. पानावरील ‘नवी नोकरी सुरू केली’ ही सूचना बहुतेक लोक अभिनंदनावर सोडून देतात.

महाविद्यालयाच्या पानावरील माजी विद्यार्थ्यांची यादी हे दुसरे साधन. पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय यांच्या याद्या कंपनीनिहाय चाळता येतात. लेखनाचा उपयोग मर्यादित पण खरा आहे : एखाद्या क्षेत्रातील पगारांची पातळी किंवा नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमुळे होणारी गळती यावर सातत्याने लिहिणाऱ्याला विभागप्रमुख ओळखू लागतात. प्रेरणादायी सुविचारांमुळे मॅन्डेट, म्हणजे जागा भरून देण्याचे काम, मिळाल्याचे ऐकिवात नाही. इनमेल, म्हणजे ओळख नसलेल्या सदस्याला पैसे देऊन पाठवायचा संदेश, याला ९० दिवसांत उत्तर आले तर त्यासाठी वापरलेले क्रेडिट परत मिळते. एका सदस्याच्या जोडण्यांची कमाल मर्यादा ३०,००० आहे. आमंत्रणांवरही आठवड्याची मर्यादा असून तिचा नेमका आकडा सदस्यागणिक बदलतो.

मालकी व कायदा : कार्डांच्या डब्याचा जुना प्रश्न इंग्लंडमध्ये २००८ साली पुन्हा उभा राहिला. हेज या भरती कंपनीचा एक सल्लागार नोकरीत असतानाच स्वतःची एजन्सी काढून बाहेर पडला. कंपनीच्या क्लायंटना त्याने लिंक्डइनवर जोडून घेतले होते. कंपनीनेच आपल्याला या माध्यमावर यायला प्रोत्साहन दिले, आणि आमंत्रण स्वीकारले गेले की ती माहिती गोपनीय उरत नाही, असा त्याचा बचाव होता. उच्च न्यायालयाने संबंधित ओळखी व पत्रव्यवहार उघड करण्याचा आदेश दिला. हा दाव्यापूर्वीचा आदेश होता, मालकीचा अंतिम निवाडा नव्हे. उद्धृत करताना हा भेद पाळला जात नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका खटल्यात (निकाल २०१३) काढून टाकलेल्या संस्थापिकेचे खाते कंपनीने पासवर्ड बदलून ताब्यात घेतले व तेथे नव्या अधिकाऱ्याचे नाव-छायाचित्र लावले. न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला, भरपाई मात्र शून्य. दोन्ही मिळून सर्वसाधारण नियम काढणे कठीण. सल्लागाराच्या करारपत्रात ओळखींविषयी कलम घालणे हाच सध्याचा व्यवहार्य मार्ग दिसतो.

सदस्यांच्या पानांवरील माहिती यंत्राद्वारे उपसण्याविषयी अमेरिकेत हायक्यू ही माहिती-विश्लेषण कंपनी विरुद्ध लिंक्डइन हा वाद २०१७ ते २०२२ चालला. सार्वजनिक पाने उपसणे हा संगणक-घुसखोरीचा गुन्हा नसावा, असा अपील न्यायालयाचा कल होता. पण वापर-करार मोडल्याचा ठपका हायक्यूवर आला आणि तडजोडीने प्रकरण मिटले. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातून (२०२३) व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती वगळली आहे. उमेदवाराने विश्वासाने पाठवलेला सीव्ही मात्र त्या सवलतीत बसत नाही, तेव्हा तो न विचारता नव्या क्लायंटपुढे नमुना म्हणून ठेवण्याची जुनी सवय जोखमीची झाली आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : हिंजवडी, खराडी, ऐरोली येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत वरील पद्धत रुळली आहे. प्रत्यक्ष गाठीभेटींची जाळी तिच्या जोडीला आहेत : आयव्हन मायस्नर यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या बीएनआयच्या शाखा, आणि अभियंते माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी काढलेला सॅटर्डे क्लब. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांपैकी अनेक मालक लिंक्डइनवर नावापुरतेच असतात. त्यांचे काम मिळते ते पॅटर्नमेकरच्या (ओतकामाचे नमुने बनवणाऱ्याच्या) किंवा मशीन विकणाऱ्याच्या ओळखीतून, आणि पुढचे बोलणे व्हॉट्सॲपवर होते. उमेदवाराचा सीव्हीही तेथेच, फोनवर काढलेल्या छायाचित्राच्या रूपात येतो.