स्केटबोर्डचे ट्रक सैल केले की बोर्ड चांगला वळतो?

स्केटबोर्ड घेणाऱ्या पोरांना हा सल्ला हमखास फॉरवर्ड होतो: 'कार्व्हिंग करायचंय, बोलमध्ये उतरायचंय, तर ट्रकचा नट जमेल तेवढा सैल कर.' ट्रक म्हणजे फळीखालचा, चाकं धरणारा आणि झुकून बोर्ड वळवणारा धातूचा भाग. कार्व्हिंग म्हणजे झुकत लांब वळणं घेणं, आणि बोल (bowl) म्हणजे स्केटिंगसाठीचा वाटीसारखा खोल खड्डा.

नट सैल केला की बोर्ड लगेच झुकतो, म्हणून सल्ला पटतो. पण नटाचं मुख्य काम बुशिंग, म्हणजे ट्रकमधली रबरासारखी कडी, जागेवर धरून ठेवणं. वळण किती मऊ लागेल, हे बुशिंगचा कडकपणा, ट्रकची घडण आणि तुमचं वजन मिळून ठरवतात. दाबच उरला नाही तर बोलच्या भिंतीवरून वेगात उतरताना बोर्ड थरथरतो. खोल वळणात चाक फळीला घासलं तर बोर्ड जागीच अडतो आणि माणूस पुढे फेकला जातो. हा धोका खरोखर गंभीर आहे.

खातरजमा घरीच होते. बोर्ड उलटा करून हँगर, म्हणजे ट्रकचा चाकं बसवलेला आडवा भाग, हलवा. खडखडला तर नट फारच सैल. मग फळीच्या खालच्या बाजूला, चाकांसमोर, घासल्याचा काळपट चट्टा आहे का बघा. असेल तर उंच ट्रक किंवा रायझर पॅड (ट्रक आणि फळीमध्ये बसवायची उंची वाढवणारी चकती) लावा. वळण मऊ हवं तर नट न छेडता 90ए ऐवजी 85एच्या आसपासचं बुशिंग घालून पाहा (हा कडकपणाचा आकडा, कमी तितकं मऊ). अ‍ॅक्सलची (चाकं बसतात त्या दांड्याची) रुंदी साधारण फळीएवढीच हवी, 8.5 इंचाला 8.5.

रत्नागिरी-मालवणकडे आणखी एक गोष्ट. खाऱ्या हवेने किंगपिनचे, म्हणजे नट बसतो त्या ट्रकच्या बोल्टचे, आटे गंजतात. मग पान्याला नट घट्ट लागतो, पण बुशिंग ढिलंच असतं. त्यामुळे पान्यावर विसंबू नका, हँगर हलवूनच ठरवा, आणि गंजलेला नट सरळ बदला.