दुसऱ्यांसाठी केलेले नियम: मेक्सिकोतील परदेशी निवृत्तांच्या रोजच्या प्रश्नांची पार्श्वभूमी

मेक्सिकोत येऊन राहिलेल्या अमेरिकी आणि कॅनेडियन निवृत्तांच्या बोलण्यात काही प्रश्न वर्षानुवर्षे फिरून येत राहतात. निवासाचा परवाना यंदा किती उत्पन्नावर मिळतो, समुद्राकाठचे घर स्वतःच्या नावावर होते का, शिल्लक पेसोत ठेवावी की डॉलरमध्ये, दवाखान्याचा खर्च कोण देणार आणि विजेचे बिल एकाएकी तिप्पट का झाले, हे त्यांतले नेहमीचे. वरवर पाहता ही सारी कारकुनी कटकट वाटते. पण एकेका नियमाचा माग काढला, तर तो करताना या मंडळींचा विचार बहुधा कोणी केलेलाच नव्हता, असे दिसते. एक नियम हरलेल्या युद्धातून आला, दुसरा मजुरांच्या हलाखीतून, तिसरा रिकाम्या तिजोरीतून. परदेशी निवृत्त माणूस मागाहून आला आणि त्या नियमांत मिळेल तिथे जागा करून राहिला.

हे येणे बरेच जुने आहे. हालिस्को राज्यातील चापाला हे मेक्सिकोतले सर्वांत मोठे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, आणि तिथली हवा वर्षभर सौम्य असते. राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास १९०४ पासून ईस्टरच्या सुट्टीत तिथे येऊ लागले आणि त्या काठाला प्रतिष्ठा मिळाली. १९४० च्या दशकात जवळच्या आहिहिक गावात परदेशी लेखक आणि चित्रकार स्थिरावले, आणि १९५५ मध्ये परदेशी रहिवाशांनी लेक चापाला सोसायटी ही स्वतःची संस्था काढली. ग्वानाहुआतो राज्यातील सान मिगेल दे आयेंदेची कथा निराळी आहे. १९३८ मध्ये तिथे कलाशाळा निघाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना मिळणाऱ्या शिक्षणभत्त्यावर तरुण अमेरिकी तिथे शिकायला आले. भत्ता मायदेशात बेताचाच होता, पण त्या गावात त्यावर घर, स्वयंपाकीण आणि संध्याकाळची चैन असे सगळे भागत असे. डॉलरमध्ये मिळवायचे आणि पेसोत खर्चायचे, हा हिशेब त्यांच्यामागून आलेल्या निवृत्तांनी तसाच उचलला.

संख्येबद्दल मात्र सावध राहिलेले बरे. २०२० च्या जनगणनेत मेक्सिकोत परदेशात जन्मलेले सुमारे १२ लाख लोक आढळले आणि त्यांपैकी जवळपास ८ लाख अमेरिकेत जन्मलेले होते. हा आकडा निवृत्तांचा म्हणून सर्रास सांगितला जातो, तो चुकीचा आहे. त्यांतला मोठा भाग अमेरिकेतून परतलेल्या मेक्सिकन कुटुंबांच्या मुलांचा आहे. निवृत्त मंडळी मोजकी असली तरी मोजक्याच गावांत एकवटलेली असल्याने ठळक दिसतात.

कागदपत्रांचा प्रश्न सर्वांत आधी येतो. पूर्वी बाहेरच्या उत्पन्नावर जगणाऱ्या परदेशी माणसाची ‘रेंटिस्टा’ म्हणून नोंद होई आणि त्याला एफएम-३ किंवा एफएम-२ नावाची पुस्तिका मिळे. पुष्कळ जण तेवढीही तसदी घेत नसत. पर्यटक म्हणून १८० दिवस राहायचे, सीमेपलीकडे एक फेरी मारायची आणि नव्या १८० दिवसांसाठी परत यायचे, असा रिवाजच पडला होता. २०११ मध्ये स्थलांतराचा नवा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याची नियमावली लागू झाली, तेव्हा हे जुने प्रकार जाऊन तात्पुरता आणि कायम असे निवासाचे दोन प्रकार उरले. तात्पुरता निवास जास्तीत जास्त चार वर्षांचा असतो. पहिला अर्ज मेक्सिकोबाहेरच्या वकिलातीत करावा लागतो आणि देशात शिरल्यावर ३० दिवसांच्या आत स्थलांतर कार्यालयात जाऊन कार्डाची प्रक्रिया सुरू करावी लागते. हा कायदा घडला त्या वेळी चर्चेत होते ते मध्य अमेरिकेतून उत्तरेकडे निघालेले गरीब प्रवासी. २०१० मध्ये तामाउलिपासमधील सान फेर्नांदो येथे अशा ७२ जणांची हत्या झाली होती आणि देश हादरला होता. निवृत्तांचे परवाने बदलले ते या मोठ्या फेररचनेच्या ओघात.

उत्पन्नाच्या अटीची गोष्ट याहून बोलकी आहे. तात्पुरत्या निवासासाठी दरमहा किती उत्पन्न हवे, हे मेक्सिकोने डॉलरमध्ये न ठरवता देशातील किमान दैनिक वेतनाच्या पटीत ठरवले, आणि तो पट ३०० दिवसांचा होता. किमान वेतन अनेक दशके इतके दाबून ठेवलेले होते की ही अट कोणाला जाचत नसे. २०१८ मध्ये ते दिवसाला ८८.३६ पेसो होते; त्याचे ३०० पट म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १,४०० डॉलर, आणि अमेरिकेतील निवृत्त कामगाराला सामाजिक सुरक्षा या सरकारी निवृत्तिवेतन योजनेतून मिळणारी सरासरी मासिक रक्कमही साधारण तेवढीच होती. त्या वर्षाच्या अखेरीस आंद्रेस मान्वेल लोपेस ओब्रादोर सत्तेवर आले आणि त्यांनी किमान वेतन वर्षामागून वर्ष वाढवत नेले. २०२४ मध्ये ते २४८.९३ पेसोंवर पोचले. मेक्सिकन मजुराच्या दृष्टीने ही वाढ फार आधी व्हायला हवी होती. पण त्याच वेळी पेसोही वधारला होता, त्यामुळे ३०० पटींची अट सुमारे ४,४०० डॉलरवर गेली आणि अमेरिकी निवृत्ताची सरासरी रक्कम मात्र १,९०० च्या आसपासच राहिली. २०१८ मध्ये जी शिक्षिका किंवा टपाल कर्मचारी एकट्या निवृत्तिवेतनावर पात्र ठरली असती, तिला आता मोठी बचत दाखवावी लागते किंवा तो विचारच सोडावा लागतो. गंमत म्हणजे दंड, शुल्के वगैरे किमान वेतनापासून तोडून वेगळ्या एककाला जोडणारी घटनादुरुस्ती २०१६ मध्येच झाली होती. वकिलातींतील निवासाची अट मात्र वेतनालाच बांधलेली राहिली.

घराचा प्रश्न समजून घ्यायचा तर आणखी मागे जावे लागते. १८२० च्या दशकात मेक्सिकोने टेक्सासमध्ये अमेरिकी वसाहतकऱ्यांना जमिनी देऊन बोलावले, १८३६ मध्ये त्यांनीच बंड करून टेक्सास वेगळे केले, आणि १८४६ ते १८४८ च्या युद्धानंतर ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने उत्तरेकडचा प्रचंड मुलूख अमेरिकेकडे गेला. टेक्सास धरून देशाचा निम्म्याहून अधिक प्रदेश हातचा गेला. परक्याला जमीन देण्याचा हा अनुभव मेक्सिको विसरला नाही. १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमाने सीमेपासून १०० किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला जमिनीची थेट मालकी नाकारली. पट्ट्याबाहेर जमीन घेणाऱ्यानेही त्या मालमत्तेपुरते आपण मेक्सिकन नागरिकासारखेच आहोत आणि तिच्यासाठी आपल्या सरकारकडे धाव घेणार नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाला लिहून द्यायचे असते. दिल्यानंतर शब्द फिरवला तर मालमत्ता सरकारजमा होऊ शकते.

चापाला आणि सान मिगेल या पट्ट्याबाहेर असल्यामुळे तिथे खरेदीखत सरळ स्वतःच्या नावावर होते. प्वेर्तो वायार्ता, कान्कुन, मासात्लान आणि बाहा कॅलिफोर्नियाचा बहुतेक सगळा भाग पट्ट्यात येतो. पण पर्यटनाचा पैसा किनाऱ्यावरच यायचा होता. म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फिदेइकोमिसो’ नावाची विश्वस्त व्यवस्था रूढ करण्यात आली: कायद्याने मालक मेक्सिकन बँक, आणि राहण्याचा, भाड्याने देण्याचा, विकण्याचा हक्क लाभार्थी म्हणून परदेशी माणसाचा. मुदत आधी ३० वर्षांची होती; १९९३ च्या परकीय गुंतवणूक कायद्याने ती ५० वर्षांची आणि नूतनीकरणक्षम झाली. बँकेला त्यासाठी दरवर्षी शुल्क द्यावे लागते, आणि स्वतःच्याच घरासाठी बँकेला पैसे का मोजायचे, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. एप्रिल २०१३ मध्ये राहत्या घरापुरती ही बंदी उठवणारी घटनादुरुस्ती कनिष्ठ सभागृहाने संमतही केली होती, परंतु सिनेटमध्ये ती अडकली ती अडकलीच. मेक्सिकोबाहेरच्या वाचकाला यात निव्वळ हेकटपणा दिसेल, पण शाळेत १८४८ चा नकाशा पाहून मोठ्या झालेल्या मतदारासमोर त्या दुरुस्तीची बाजू मांडणे कोणत्याही पक्षाला सोपे नाही.

जमिनीचा खरा धोका विश्वस्त व्यवस्थेत नाही, तो ‘एखिदो’त आहे. १९१० च्या मेक्सिकन क्रांतीनंतर जमीनदारांकडून काढलेली जमीन गावसमूहांना सामाईक वहिवाटीसाठी दिली गेली, आणि देशाची जवळपास निम्मी भूमी आजही या प्रकारात मोडते. (याच वाटपाच्या काळात वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषितज्ज्ञ पांडुरंग खानखोजे चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवत होते आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवत होते, हे मराठी वाचकांच्या स्मरणात असेल.) १९९२ पर्यंत एखिदोची जमीन विकता येत नव्हती, त्या वर्षीच्या घटनादुरुस्तीने ती खासगी करण्याची वाट उघडली, पण त्यासाठी गावसभेचा ठराव आणि नोंदणीची लांबलचक प्रक्रिया पूर्ण करावी लागते. ती न करताच स्वस्त भूखंड परदेशी गिऱ्हाइकाला दाखवले जातात. बाहा कॅलिफोर्नियातील एन्सेनादाजवळच्या पुंता बांदा येथे अनेक अमेरिकींनी एखिदोच्या समजल्या जाणाऱ्या जमिनीवर घरे बांधली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन एखिदोची नसून खासगी मालकांची असल्याचा निर्णय दिला, आणि ऑक्टोबर २००० मध्ये या रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्यात आयुष्याची पुंजी घातलेले वृद्ध होते. जमीन कुणाची, हा वाद त्यांच्या येण्याआधीपासूनचा होता आणि त्यात त्यांची बाजू अशी काही नव्हतीच.

पैशाच्या बाबतीतली सावधगिरीही अनुभवाने आलेली आहे. १९५४ पासून १९७६ पर्यंत डॉलरला १२.५० पेसो हा दर जराही हलला नाही, आणि त्या स्थैर्याच्या भरवशावर पुष्कळांनी मेक्सिकन बँकांत जास्त व्याजाच्या ठेवी ठेवल्या. १९७६ मध्ये पेसो कोसळला. पेसोचे आपण कुत्र्यासारखे रक्षण करू, अशी ग्वाही देणाऱ्या राष्ट्राध्यक्ष लोपेस पोर्तियो यांच्याच कारकिर्दीत १९८२ मध्ये तो पुन्हा कोसळला. त्या ऑगस्टमध्ये बँकांतील डॉलर ठेवी सक्तीने सुमारे ७० पेसोंच्या दराने बदलण्यात आल्या, खुल्या बाजारात डॉलर त्याहून कितीतरी महाग असताना, आणि १ सप्टेंबरला खासगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९९३ मध्ये चलनातून तीन शून्ये गेली, म्हणजे जुन्या हजार पेसोंचा एक नवा पेसो झाला, आणि डिसेंबर १९९४ मध्ये आणखी एक पडझड झाली. निवृत्तिवेतन अमेरिकेतल्या खात्यातच ठेवायचे आणि लागेल तसे एटीएममधून काढायचे, ही आजची सवय तिथून आली आहे. २०२३ च्या मध्यापासून २०२४ च्या मध्यापर्यंत पेसो डॉलरला सतराच्या आसपास, काही काळ त्याहूनही मजबूत होता, तेव्हा मात्र याच सवयीचा फटका बसला: डॉलर तेवढेच, पण भाडे, भाजी आणि मोलकरणीचा पगार सगळेच महाग.

आरोग्याचा पेच थोडक्यात असा. अमेरिकेची मेडिकेअर ही वृद्धांसाठीची १९६५ ची सरकारी आरोग्यविमा योजना काही तुरळक अपवाद वगळता देशाबाहेरचा खर्च देत नाही. तिच्या दुसऱ्या भागाचा, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या विम्याचा, हप्ता बंद करावा, तर पुढे परत जावे लागल्यास हप्ता न भरलेल्या दर बारा महिन्यांमागे १० टक्के दंड कायमचा चिकटतो. कॅनडातील ओंटारिओचा रहिवासी बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहिला नाही, तर त्याचे सरकारी आरोग्य छत्र धोक्यात येते. म्हणून कॅनेडियन बहुधा हिवाळ्यापुरतेच येतात. मेक्सिकोची सामाजिक विमा संस्था १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी स्थापन झाली. निवासपरवाना असलेल्या परदेशी व्यक्तीला तिचा ऐच्छिक विमा घेता येतो, पण आधीपासूनचे अनेक गंभीर आजार त्यातून वगळलेले आहेत, आणि सत्तरीतल्या माणसाकडे नेमके तेच असतात. किरकोळ दुखण्यांसाठी औषधाच्या दुकानाला जोडलेला स्वस्त डॉक्टर हा सगळ्यांचाच आधार आहे. २०१० मध्ये चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके देण्यावर बंदी आली आणि असे दवाखाने झपाट्याने वाढले.

विजेच्या बिलाचे कोडे त्या मानाने सोपे आहे. घरगुती वीज सरकार अनुदान देऊन स्वस्त ठेवते, पण सौम्य हवेच्या प्रदेशात बारा महिन्यांचा सरासरी वापर महिना २५० युनिटच्या पुढे गेला की अनुदान संपते आणि घर महागड्या दरात ढकलले जाते. कपडे वाळवण्याचे यंत्र, विजेवरचा हीटर आणि दोन फ्रिज घेऊन आलेल्या कुटुंबाला हे पहिल्याच वर्षी कळते. आहिहिकच्या छपरांवर सौर पट्ट्या दिसतात, त्यामागे हे एक कारण आहे.

मृत्युपत्राचा विषय मंडळी टाळतात, आणि तिथेच वारसांची दमछाक होते. परदेशात केलेले मृत्युपत्र मेक्सिकोत अगदीच निरुपयोगी नसते. पण त्यासाठी अपोस्टील (दस्त खरा असल्याचे सरकारी प्रमाणपत्र), अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर आणि स्थानिक प्रक्रिया, असे सारे सोपस्कार करावे लागतात. म्हणून मेक्सिकोतील मालमत्तेपुरते वेगळे मृत्युपत्र नोतारिओकडे करण्याचा सल्ला दिला जातो. हा नोतारिओ म्हणजे आपल्याकडचा शिक्का मारणारा नोटरी नव्हे, तर राज्याने नेमलेला आणि दस्ताच्या वैधतेला जबाबदार असलेला ज्येष्ठ कायदेपंडित असतो. २००३ पासून दर सप्टेंबरात या कामाचे शुल्क कमी केले जाते. ही मोहीम मेक्सिकन कुटुंबांतील वारसाचे तंटे कमी व्हावेत म्हणून सुरू झाली, पण परदेशी रहिवासीही तिचा लाभ घेतात. किनाऱ्यावरच्या घरमालकांना मात्र इथे थोडा दिलासा आहे, कारण ज्या फिदेइकोमिसोच्या वार्षिक शुल्काबद्दल ते कुरकुरतात, त्यातच मृत्यूनंतरचा पर्यायी लाभार्थी नोंदवता येतो आणि घर वारसा-प्रकरणात न अडकता त्याच्याकडे जाते. चापालाच्या काठी स्वतःच्या नावावर खरेदीखत असलेल्या घराला फिदेइकोमिसोच नसल्यामुळे त्यातून मिळणारी ही सोयही नाही.