मेंदूच्या एमआरआयची एआय-मोजणी: अल्झायमरच्या निदानात तिचा उपयोग किती?

आई-वडिलांचा विसर वाढला की न्यूरॉलॉजिस्ट बहुधा एमआरआय सांगतात. त्याच स्कॅनवरून आमची एआय प्रणाली मेंदूच्या भागांचे आकारमान मोजते. त्यात मुख्य हिप्पोकॅम्पस. नव्या आठवणी साठवणारा हा भाग डावीकडे-उजवीकडे एकेक असतो, ज्येष्ठांमध्ये प्रत्येकी साधारण 3 मिली. अल्झायमरमध्ये तो सहसा लवकर आक्रसतो.

स्कॅनची वेळ घेतानाच सेंटरला सांगा: "थ्रीडी टी-वन हवा, 1 मिमी जाडीचा." हा एमआरआयचाच बारीक स्लाइसचा प्रकार. त्याला पाचेक मिनिटे जास्त लागतात. नेहमीच्या 5 मिमी स्लाइसवर हिप्पोकॅम्पसच्या कडा नीट सापडत नाहीत. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. डायकॉम फाइल्स (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स) सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या. या मोजणीसाठी काँट्रास्टचे इंजेक्शन लागत नाही. पेसमेकर किंवा शरीरात धातूची क्लिप असेल तर ते आधीच कळवा.

स्कॅनमध्ये डोके हलले की मेंदूचा करडा भाग आहे त्यापेक्षा पातळ दिसतो आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून आत जाण्याआधी लघवीला जाऊन यावे, मानेखाली नीट आधार मागावा. प्रणालीने आखलेल्या कडा आमचे रेडिऑलॉजिस्ट स्वतः तपासतात. त्याशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही.

रिपोर्टमधला आकडा पर्सेंटाइल असतो. '5' म्हणजे त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या 100 निरोगी व्यक्तींपैकी पाच जणांचा हिप्पोकॅम्पस याहून लहान. म्हणजे निरोगी माणसाचाही आकडा इतका कमी येऊ शकतो! जुनी फिट्सची व्याधी किंवा रक्तवाहिन्यांचे आजार यांतही तो घटतो. उलट, दृष्टीच्या किंवा भाषेच्या तक्रारीने सुरू होणाऱ्या अल्झायमरमध्ये तो सुरुवातीला चांगलाही येतो. शिवाय अशा बऱ्याच प्रणालींचे संदर्भगट, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक, अमेरिका-युरोपातले आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाचा काठावरचा आकडा जपूनच वाचावा.

वर्षभराने पुन्हा मोजायचे असेल तर मशीन आणि सेटिंग तेच ठेवा. निरोगी ज्येष्ठांमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण 1 ते 1.5 टक्के घटतो, अल्झायमरमध्ये 4 ते 5 टक्के. मशीन बदलले तर हा फरकच झाकला जाऊ शकतो.

केवळ आमच्या रिपोर्टवर औषध सुरू किंवा बंद करू नका. बी-12, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या गोळ्या यांनीही विसर पडतो आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाची खात्री मेंदूच्या पेट (PET) स्कॅनने किंवा पाठीतल्या पाण्याच्या तपासणीने होते. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना रिपोर्टसोबत चालू औषधांची यादी आणि जुने स्कॅन न्या.