वाटीवरून ओळखावा पाइपचा काळ

इंग्लंडच्या यादवी युद्धाचे (१६४२–५१) प्रसंग उभे करताना मंडळी कोटाच्या बटणापर्यंत बारकाई पाळतात. तोंडात मात्र ब्रायरचा नाहीतर हातभर लांबीचा ‘चर्चवॉर्डन’ पाइप दिसतो. दोन्ही चुकीचे. ब्रायरच्या लाकडाचे पाइप फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावी १९व्या शतकाच्या मध्यावर बनू लागले, आणि लांबलचक मातीचे पाइप यादवीनंतरच्या काळातले. १६४५ सालच्या शिपायाला शोभतो तो पांढऱ्या मातीचा, वीत-दीड वीत नळीचा आणि अगदी लहान वाटीचा (तंबाखू भरायच्या खोलगट भागाचा) पाइप.

वाटी लहान असण्याचं कारण तंबाखूचा भाव. १५७०च्या दशकात इंग्लंडात धूम्रपान रुजू लागलं तेव्हा तंबाखू चैनीची वस्तू होती. त्या काळच्या वाट्या इतक्या इवल्या की पुढे शेतात सापडल्यावर लोकांनी त्यांना ‘परीचे पाइप’ म्हटलं. १६१२च्या सुमारास जॉन रॉल्फ या इंग्रज वसाहतकाराने अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तंबाखूची लागवड सुरू केली. तिथला माल येऊ लागला, भाव उतरला आणि वाटी वाढत गेली. म्हणूनच पाइपचा काळ ठरवताना आधी वाटी बघावी, नळी नंतर.

पाइपची नळी आडवी धरून वाटीच्या काठाकडे पाहा. १७व्या शतकातली वाटी मधे फुगीर, पुढे झुकलेली असते आणि तिचा काठ नळीशी तिरका असतो. काठाखाली दातेरी हत्याराने उमटवलेली बारीक रेघ बहुधा दिसते. १७००नंतर काठ नळीला समांतर होतो, वाटी उभट आणि पातळ होते, दातेरी रेघही नाहीशी होते. वाटीच्या बुडाशी सपाट टाच असते, त्यावर कारागिराची आद्याक्षरं किंवा चिन्ह. विल्टशरच्या गॉन्टलेट घराण्याने आडनावाला साजेसा लोखंडी हातमोज्याचा शिक्का वापरला, आणि तो इतका नावाजला की इतरांनीही उचलला.

दुसरी खूण नळीच्या भोकाची. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ साली उत्खननांतले तुकडे मोजून दाखवलं की इंग्रजी पाइपचं भोक काळानुसार बारीक होत गेलं. १६२०–५०मध्ये बहुतेक नळ्यांचं भोक ८/६४ इंच, म्हणजे साधारण ३.२ मिलिमीटर, १७५०–१८००मध्ये ४/६४ इंच, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. मोजायला ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू पुरते. मात्र हे गणित ढिगाऱ्यातल्या अनेक तुकड्यांच्या सरासरीचं आहे, एकट्या नळीवरून साल काढायला जाऊ नये. यादवीचा म्हणून विकत घेतलेल्या पाइपला २ मिलिमीटरचं भोक असेल, तर साचा पुढच्या शतकावरून घेतला असण्याचा संशय धरावा.

खरा पाइप साच्यात दाबून बनत असे. मातीची निमुळती वळकटी करून ती थोडी सुकू द्यायची, नळीतून तेल लावलेली तार घालायची, दोन भागांच्या धातूच्या साच्यात ठेवून दाबायची आणि वरून खुंटी घुसवून वाटी पोकळ करायची. तार एका बाजूला सरकली तर नळीची भिंत तिथे पातळ पडते आणि पाइप नेमका तिथेच मोडतो. म्हणून घेण्याआधी नळीच्या टोकाकडून बघावं, भोक मधोमध हवं. आज बाजारात पातळ माती साच्यात ओतून केलेल्या नकला बऱ्याच असतात. त्या जाड, अंगभर चकचकीत झिलईच्या. बिनझिलईची भाजलेली माती ओल आणि चिकटा शोषते. झिलईच्या वाटीत तो तळाशी साचतो आणि धूर कडवट लागतो. बिनझिलईची माती ओठांना चिकटते, म्हणून टोक आधी ओलं करावं. टोकाला लाल मेण असलेला पाइप १७व्या शतकाच्या शिपायाला देऊ नये.

अमेरिकन यादवीसाठी (१८६१–६५) आखूड मातीचे पाइप चालतात. नुसती मातीची वाटी आणि तिला बोरूची नळी, हेही. तिथे नळीवर ‘स्कॉटलंड’ असं देशाचं नाव कोरलेलं असेल तर पाइप बाजूला ठेवावा. आयात मालावर मूळ देशाचं नाव हवं, हा अमेरिकन नियम १८९०च्या मॅकिन्ली कायद्यातून आला.

दख्खनची गोष्ट वेगळी. मुघल दरबारातल्या असद बेगने विजापुराहून तंबाखू नेऊन १६०४च्या सुमारास अकबराला दाखवली. पुढे इथे रुळली ती चिलीम आणि हुक्का. शिवकाळ उभा करताना मावळ्याच्या हाती इंग्रजी पाइप देण्याचं काहीच कारण नाही.

पेटवण्यासाठी काडेपेटी नको; घासून पेटणारी काडी जॉन वॉकरने १८२७मध्ये विकायला आणली. त्याआधी निखारा चिमट्याने धरत. वापरलेला पाइप पुन्हा पांढरा करायचा तर पूर्ण कोरडा करून राखेच्या कडेला ठेवावा आणि हळूहळू निखाऱ्यात सरकवावा. ओला पाइप थेट विस्तवात गेला की आतली वाफ त्याला तडा देते. आणि बंदुकीच्या दारूजवळ तो पेटता न्यायचा नाही, मग प्रसंग कितीही खरा वाटायला हवा असो.