घरगुती नळपाणी व साठवण टाकी

घरगुती नळपाणी व साठवण टाकी : शुद्ध करून जलवाहिनीतून घरापर्यंत आणलेले पाणी आणि वापरण्यापूर्वी ते जिथे साठते ती जमिनीखालची किंवा गच्चीवरची टाकी. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी पिण्याजोगे असले, तरी स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी तसेच असेल असे नाही. घराची जोडणी, टाकी आणि आतली नळजोडणी हा शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी घरमालकाच्या ताब्यात असतो, आणि सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडेच जाते.

केंद्रात पाणी तुरटीने निवळतात, वाळूतून गाळतात आणि त्यात क्लोरीन घालतात. अमेरिकेत १९०८ मध्ये जर्सी सिटी शहराच्या पाण्यात सलग क्लोरीन घालायला सुरुवात झाली. पुढे ही पद्धत पसरत गेली तसे शहराशहरांतले विषमज्वराचे प्रमाण उतरले. क्लोरीनचे काम केंद्रात संपत नाही. त्याचा थोडा अंश पाण्यात शिल्लक राहतो आणि वाटेत शिरलेल्या जंतूंना आवर घालतो. यालाच अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तो नळाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. क्लोरीन तपासण्यासाठी मिळणारी डीपीडी नावाची गोळी थोड्या पाण्याच्या नमुन्यात टाकल्यावर ते गुलाबी झाले, तर क्लोरीन आहे असे समजावे. रंग जितका गडद, तितके त्याचे प्रमाण जास्त. नळाच्या पाण्याला येणारा क्लोरीनचा सौम्य वास पुष्कळांना खटकतो. काळजी करायची ती मात्र हा वास अजिबात न येणाऱ्या पाण्याची.

टाकीत हे संरक्षण फार काळ टिकत नाही. उन्हाने पाणी तापले की क्लोरीन लवकर घटतो, आणि तळाशी गाळ असेल तर उरलेला त्यातच खर्ची पडतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी टाकी ही सोय दिसली तरी दोषच आहे. तिच्यातले पाणी संपत नाही, त्यात नवे मिसळत राहते आणि तळचे शिळे तसेच पडून राहते. रिकाम्या टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवले तर बुळबुळीत लागते. जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेला तो चिकट थर असतो आणि त्याच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून बचावतात. पाणी ओतून दिल्याने हा थर निघत नाही, तो घासूनच काढावा लागतो.

टाकीचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे झाकण. अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या गिडियन या छोट्या गावात १९९३ च्या अखेरीस शेकडो लोकांना साल्मोनेला जंतूची बाधा झाली आणि काही वृद्धांचा मृत्यू झाला. गावाला विहिरीचे पाणी क्लोरीन न घालता पुरवले जात होते. तपासात संशय साठवण टाकीवर गेला, कारण तिच्यात पक्ष्यांना शिरायला वाट होती. घरच्या टाकीला तडकलेले झाकण असले किंवा जाळी नसलेला ओव्हरफ्लो पाइप असला, तरी धोका तोच. एडिस डासाला तर त्याहून बारीक फट पुरते. डेंग्यू पसरवणारी ही मादी पाण्याच्या रेषेलगत भिंतीवर अंडी घालते, आणि ती कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. त्यामुळे टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. अर्धपारदर्शक टाकीत उजेड शिरून शेवाळ धरते, म्हणून टाकी प्रकाश अडवणारी हवी.

जिथे पाणी ठरावीक वेळीच येते, तिथे आणखी एक धोका असतो. पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या जोडांतून आजूबाजूचे मैलापाणी आत ओढले जाऊ शकते. पाणी येऊ लागताच पहिली काही मिनिटे ते गढूळ असेल, तर ते टाकीत घेऊ नये. नळाला लावलेली रबरी नळी बादलीत बुडवून ठेवणेही घातक, कारण दाब उलटला की बादलीतले पाणी त्याच नळीने मागे ओढले जाते. तोटी आणि पाण्याची पातळी यांत मोकळी हवा राहिली की हा मार्गच बंद होतो.

पाणी पांढुरके दिसले तर पेल्यात घेऊन थोडे थांबावे. तळापासून वर स्वच्छ होत गेले तर ते फक्त हवेचे बुडबुडे असतात. तांबूस छटा लोखंडाच्या गंजाची असते. शिसे मात्र दिसत नाही आणि चवीलाही कळत नाही. अमेरिकेतील फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पण गंजरोधक द्रव्य घातले गेले नाही. जुन्या वाहिन्यांतले शिसे त्यामुळे पाण्यात उतरले. शिशाचे नळ असलेल्या घरात रात्रभर थांबलेले पाणी आधी वाहू द्यावे. उकळल्याने शिसे जात नाही, उलट त्याची तीव्रता वाढते.

गरम पाण्याच्या टाकीत वेगळाच जंतू वाढतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा लिजिओनेला उजेडात आला. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियसच्या कोमट पाण्यात तो वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. म्हणून गरम पाणी ६० अंशांवर साठवतात, मात्र भाजू नये म्हणून नळाशी थंड पाणी मिसळतात.

टाकी धुताना आधी ती पूर्ण उपसून गाळ काढतात, मग ब्रशने घासून धुतात. त्यानंतर ती भरून दर लिटरला ५० मिलिग्रॅम इतके क्लोरीन मिसळून दिवसभर ठेवतात. १००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे ५ टक्के क्लोरीनचे द्रावण १ लिटर किंवा २५ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर २०० ग्रॅम. उघडी राहिलेली पावडर कमजोर होते, ती वापरू नये. घरातले नळही वास येईपर्यंत उघडून बंद करावेत, म्हणजे आतले पाइपही निर्जंतुक होतात. हे पाणी पिऊ नये, ते सगळे सोडून द्यावे. ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. जमिनीखालच्या बंद टाकीत एकट्याने उतरणे जिवावर बेतू शकते, कारण आतला प्राणवायू कमी झालेला असतो आणि उतरणाऱ्याला त्याची चाहूलही लागत नाही. झाकण काढून हवा खेळू द्यावी, वर दुसरा माणूस उभा असावा, आणि आतला बेशुद्ध पडला तर वाचवायला घाईने खाली उडी घेऊ नये.

शंका असेल तेव्हा पाण्याला खळखळून उकळी आणून ती १ मिनिट राहू द्यावी, २००० मीटरहून उंच ठिकाणी ३ मिनिटे. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा क्लोरीनला दाद न देणारा परजीवीही त्याने मरतो. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो, म्हणून ते त्याच भांड्यात झाकून ठेवावे आणि घेताना हात न बुडवता ओघराळ्याने घ्यावे.